अंगठ्यावरची आडवी रेघ

तालुक्याच्या कचेरीत मी कनिष्ठ कारकून म्हणून लागलो तेव्हा मला माझ्या सहीचं फार कौतुक होतं. आमच्या घरात त्याआधी कुणी सही केलेली नव्हती. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर, वसतिगृहाच्या हमीपत्रावर, फीमाफीच्या कागदावर बाबांचा निळा अंगठा असायचा आणि त्याच्या बाजूला मास्तर स्वतःच्या हातानं लिहायचे, निशाणी डावा अंगठा. त्या अंगठ्यांवर मी भंडाऱ्याला बी.ए. झालो. सरकारनं शिकवलं आणि सरकारनंच नोकरी दिली. ही गोष्ट मी आजही कृतज्ञतेनं सांगतो. पुढचं वाचून कुणाला वाटू नये की मी ती विसरलो.

ऐंशी साल नुकतंच मागं पडलं होतं. निराधारांना दर महिन्याला मनीऑर्डरनं अनुदान द्यायची योजना नवी होती, म्हणून ते टेबल नव्या माणसाला, म्हणजे मला मिळालं. शेजारचं टेबल रोजगार हमीचं. दोन टेबलांच्या मध्ये एक लोखंडी कपाट होतं आणि त्या कपाटाच्या दोन बाजूंना गरिबांची वाटणी झालेली होती. ज्याला काम करता येतं त्यानं पलीकडच्या टेबलावर अर्ज करावा, माती खोदावी, खडी फोडावी, मजुरी घ्यावी. ज्याला करता येत नाही त्यानं तसं सिद्ध करावं आणि माझ्याकडून अनुदान घ्यावं. दोन्हीकडं एकच माणूस सापडला तर तो लबाड. मला हे अगदी पटलेलं होतं. माझी आई दुष्काळाच्या कामावर डोक्यावरून मुरूम वाहून आलेली बाई. तिनं कधी फुकटचं घेतलं नाही, मग दुसऱ्यानं का घ्यावं, असं मी म्हणत असे.

आमचे अव्वल कारकून मला फार मायेनं वागवत. राहायला खोली त्यांनीच पाहून दिली, पहिल्या महिन्यात डबाही त्यांच्याच घरून यायचा. काम शिकवताना मात्र ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे.

"अर्जदाराच्या तोंडाकडं पाहू नको. तोंड पाहिलं की माणूस फसते. कागद पाह्यत जा. कागद खोटं बोलून राहिला का, ते कागदावरच दिसते."

मी मन लावून शिकलो. एका म्हाताऱ्यानं आपल्याला मूलबाळ नाही असं लिहून दिलं होतं आणि त्याच्याच अर्जावर साक्षीदार म्हणून मुलाची सही होती, वडिलांच्या नावासकट. ते मी पकडलं. साहेबांपर्यंत माझं नाव गेलं. त्यानंतर मला सवयच लागली. नवा अर्ज आला की आधी मी त्यात काय लपवलंय ते शोधायचो, मग काय मागितलंय ते वाचायचो.

अशात एक निनावी अर्ज आला. शाळेच्या वहीचं पान, जांभळी शाई. आंधळगावच्या पुढं कोसभरावर असलेल्या एका खेड्यातल्या बाईबद्दल होतं. 'सदर बाई निराधार नसून तळ्याच्या कामावर टोपले वाहते. सरकारची फसवणूक होत आहे. चौकशी व्हावी. एक गरीब.'

मी तिची फाईल काढली. विधवा, मुलगा वारलेला. बैलगाडीवरून पडून उजवा खांदा निखळलेला, जड काम होणार नाही असा सरकारी दवाखान्याचा दाखला. घरात एक विधवा सून, ती मजुरी करते. सगळं रीतसर होतं आणि म्हणूनच मला ते खटकलं. कपाटाच्या पलीकडून मी तळ्याच्या कामाचं हजेरीपत्रक मागवलं. त्यात म्हातारीचं नाव नव्हतं. सुनेचं होतं, सलग सात आठवडे, एकही खाडा नाही.

दुसरं कुणी असतं तर इथंच थांबलं असतं. मी सुनेच्या नावापुढचे अंगठे एकाखाली एक बघत गेलो. पाच आठवड्यांचे अंगठे लहान, गोल, स्वच्छ उठलेले होते. मधल्या दोन आठवड्यांचे मोठे होते आणि त्यांच्या मधोमध शाई न लागलेली एक आडवी पांढरी रेघ होती. मी फाईलमधला अनुदानाचा अर्ज त्याच्याजवळ धरला. म्हातारीच्या अंगठ्यावर तीच रेघ, तिथंच.

मला झालेला आनंद मी लपवत नाही. उत्तर बरोबर आलं की शाळेत जसं वाटायचं, तसं वाटलं. अव्वल कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही कागद खिडकीशी नेले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"वा रे गड्या! आता गावात जा. पण काहून आलो ते सांगू नको. आधी पाह्य, मग विचार. आणि कोणाच्या घरचा चहा घेऊ नको."

एस.टी.नं आंधळगावला उतरलो, तिथून भाड्याची सायकल घेतली. धान कापून झालेलं होतं. शेतांच्या बांध्यांमध्ये नुसती खुंटं उरलेली, त्यात जनावरं सोडलेली. गावाच्या तोंडाशी पानठेल्यावर चार माणसं बसली होती. मी तळ्याचा रस्ता विचारला तर कुणी उत्तर देईना.

"कोन्या खात्याचे जी?" एकानं विचारलं.

"कचेरीतून आलो."

"नसबंदीवाले तं नाही नं?" दुसरा म्हणाला आणि बाकीचे हसले, पण बसल्या जागी थोडे सरकलेही. "मागं असाच एक सायकलवर आला होता. त्यालेबी तळ्याचाच रस्ता पाहिजे होता."

शेवटी एकानं रस्ता दाखवला, आणि मी सायकलवर टांग टाकायच्या आत एक पोरगी माझ्यापुढं तळ्याकडं पळत गेली. मी वहीत लिहिलं, 'आगाऊ सूचना दिली जाते.'

तळं कोरडं होतं. त्याच्या पोटातला गाळ खोदून पाळीवर टाकायचं काम चाललेलं. पुरुष खोदत होते, बायांची रांग टोपली घेऊन पाळ चढत होती. हजेरी घेणारा मुलगा माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, मॅट्रिकला अडकलेला. मी नाव सांगायच्या आधीच तो म्हणाला,

"सगळं बरोबर हाय सायेब. एकबी बोगस नाही."

मी काही विचारलं नव्हतं. न विचारता दिलेलं उत्तर, म्हणून मी तेही लिहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यानं हजेरी घेतली. तो पुकारू लागला.

"विहिरीजोडचं घर!"

"हाव!"

"चक्कीवाले!"

"हाव जी!"

"लिंबाखालचं घर!"

"हाव!" एक सडपातळ बाई पाळीवरून ओरडली. तीच सून; मुलाचं बोट हजेरीपत्रकात तिच्याच नावापुढं होतं.

"तू नावं का घेत नाहीस?" मी विचारलं.

"नावं घेतली तं हजेरीले सांज होते, सायेब. एका नावाच्या पाच पाच बाया हायेत. रोवन्यातबी असंच पुकारते. घर पुकारलं का घरचं मानूस हाव म्हनते."

रांगेतली एक म्हातारी टोपलं खाली न ठेवताच म्हणाली, "आमचे नवरे आमचं नाव घेत नाही, हा कायले घेते?" बाया खदखदून हसल्या. मी हसलो नाही. वहीत लिहिलं, 'हजेरी नावानिशी घेतली जात नाही. गैरप्रकारास वाव.'

ते वाक्य लिहिताना मला काहीच आठवलं नाही, याचं आज नवल वाटतं. धानाच्या गावात मी जन्मलो. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस आले की आमच्या गल्लीतल्या बाया टोळी करून एकेकीच्या बांधीत जायच्या, आणि टोळीची मुखत्यार बाई पहाटे दारादारातून घरंच पुकारत जायची. माणसांची नावं मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पण त्या दिवशी माझ्या हातात सरकारी वही होती.

म्हातारीच्या घरावर खरंच एक मोठा कडुलिंब वाकलेला होता. मी सायकल टेकवली तेव्हा ती अंगणात उजवा हात पोटाशी धरून बसली होती आणि डाव्या हातानं पितळी गुंड उचलून पाणी ओतत होती. मला बघताच तिनं गुंड खाली ठेवला आणि जरा जास्तच कण्हली, असं मला वाटलं. मी मनात लिहून ठेवलं.

"बसा जी सायेब. चाय करतो."

तिकडच्या बाया स्वतःबद्दल बोलतानाही 'करतो' म्हणतात. मी नको म्हटलं.

"हयातीच्या दाखल्यासाठी आलोय, आजी. तुमचा अंगठा पाहिजे."

हे खोटं होतं. तिनं अंगठा दिला. कागदावर आडवी रेघ उमटली.

"ही रेघ कशाची?"

"इरा लागला होता. धान कापतानी. लय सालं झाले." तिनं अंगठा उन्हात धरून पाहिला. विळ्याची खूण जुनी, पांढरी पडलेली होती.

आता ती नाही म्हणेल, मग मी दोन कागद समोर ठेवीन, असं मी एस.टी.त बसून ठरवलेलं होतं. "तळ्याच्या कामावर गेली होतीस का?" मी विचारलं. मघाशी तुम्ही म्हणत होतो, आता माझ्याही नकळत तू झालं.

"गेली होती नं," ती म्हणाली. "सून हिवतापानं पडली होती. दोन हप्ते उठली नाही बिचारी. घरचा हात खाली कसा ठेवाचा?"

"पण हजेरी तर सुनेच्या नावावर आहे."

"मंग? कामावर मी थोडीच हाव. घर हाय. तो पोरगा घर पुकारे, मी हाव म्हनो."

"आणि खांदा? खांद्यानं टोपलं उचललं?"

"दुखे नं जी. पोरी अर्धं टोपलंच देत मले. अर्ध्यातलं अर्धं सांडे वाटेनं. बाकी त्याच नेत. घरावर बिमारी आली तं टोळी सांभारून घेते."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. माणूस इतकं सरळ बोलतो तेव्हा त्याच्या मागं काहीतरी असतं, असं मला वाटलं. मी जबाब लिहिला. 'मी दोन आठवडे तळ्याच्या कामावर टोपले वाहिले. मजुरी घेताना अंगठा मीच लावला.' अर्ध्या टोपल्याचं लिहिलं नाही, ते मला सारवासारव वाटलं. हिवतापाचं लिहिलं, पण 'म्हणते' असं. मग शाईची डबी पुढं केली. तिनं अंगठा लावला. काय लिहिलं ते मी वाचून दाखवलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. आंधळगावहून परतायची शेवटची गाडी गाठायची होती.

महिन्याभरात आदेश निघाला. 'सदर महिला काम करण्यास सक्षम असल्याचे तिच्या जबाबावरून सिद्ध होत असल्याने अनुदान बंद करण्यात येत आहे.' हजेरी घेणाऱ्या मुलाला लेखी ताकीद गेली. साहेबांनी बैठकीत माझं उदाहरण दिलं.

उन्हाळा चढल्यावर ती कचेरीत आली. सोबत सून. गावाहून आंधळगावपर्यंत दोघी पायी आल्या होत्या, पायांवर धूळ होती.

"बाबू, मनीऑडर येऊन नाही राहिली."

मी आदेश वाचून दाखवला. तिनं तो उभ्यानंच ऐकला.

"कोन म्हनलं मले काम येते?"

"तुम्हीच म्हणालात, आजी. जबाब आहे. अंगठा आहे."

सून म्हणाली, "मामी, मी म्हनत होती नं, कोरड्या मानसाले अंगठा नोको देऊ." सासूला ती मामी म्हणायची, आणि घरचा चहाही न घेणारा मी तो कोरडा माणूस.

म्हातारीनं स्वतःचा अंगठा पाहिला. रडेल असं मला वाटलं, आणि अव्वल कारकून तिकडून माझ्याकडं बघत होते म्हणून मी तिच्या तोंडाकडं न बघता कागदाकडं बघत राहिलो. ती रडली नाही.

"बरं," ती म्हणाली. "काम येते नं मले? मंग काम दे."

मला एकदम हलकं वाटलं. त्याचसाठी तर हमीचा कायदा होता, मागेल त्याला काम. मी स्वतः उठून कपाटाच्या पलीकडं गेलो, कोरा अर्ज आणला, तिच्या स्वतःच्या नावानं भरून दिला आणि त्यावर तिचा अंगठा घेतला. या वेळी कुणाच्या बदली नाही, सगळं नियमात. त्या दिवशी दुपारचा डबा मला गोड लागला. सरकारनं एक दार लावलं आणि मी दुसरं उघडून दिलं, असं मी मनाशी म्हणालो.

तळ्यावर काय झालं ते मला नंतर सुनेकडून आणि त्या मुलाकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. मजुरी मोजमापावर होती. जितका खड्डा, तितकी टोळीची मजुरी. लिंबाखालच्या घराचा हात टोळीत आधीच होता, तो सुनेचा. घरावर आजारपण आलं तेव्हा अर्ध्या टोपल्याचा हात टोळीनं विनातक्रार चालवून घेतला होता. आता एकाच घराचे दोन हात, त्यातला एक अर्धा, ते कोण घेणार? बायांनी वाईट शब्द काढला नाही. फक्त कुणी आपल्या रांगेत जागा केली नाही. तो हजेरीवाला मुलगा तर ताकीद मिळाल्यापासून सगळं नियमानं करू लागला होता. नावानिशी हजेरी, प्रत्येकाला ज्याचं त्याचं काम. त्यानं म्हातारीला वेगळी जागा आखून दिली. तिनं पहिल्या दिवशी कुदळ डाव्या हातानं मारून पाहिली. दुसऱ्या दिवशी सुनेनं आपल्या जेवणाच्या सुट्टीत तिचं थोडं खोदून दिलं, तेही त्या मुलानं थांबवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं तिच्या अर्जाच्या पाठीवर लिहिलं, 'सदर बाईस काम झेपत नाही. परत पाठविली.' आणि खाली सही, तारीख.

तो कागद घेऊन ती पुन्हा माझ्या टेबलाशी उभी राहिली. या वेळी एकटी. सून कामावर होती, कारण आता घरात तेवढाच एक हात कमावता होता.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.

"त्या कागदावर मले काम येते. ह्या कागदावर येत नाही. आता मी कोन्या कागदावर खाऊ, बाबू?"

मी म्हणालो, "ठेवून जा. बघतो." ती म्हणाली, "ठेवत नाही. तुह्यापाशी ठेवलेला कागद मंग मलेच खाते." आणि तिनं तो घडी करून कमरेला खोचला.

त्या शनिवारी मी घरी गेलो. जेवताना आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "रोवण्यात आपल्या घराले काय म्हणत?"

"कोपऱ्यातलं घर. काहून?"

"तू आजारी पडली तर?"

"तुही बहीन जाये. नाही तं आत्या. हात खाली ठेवला तं पुढच्या साली कोन घेते टोळीत?" आई भात वाढत होती. "त्या दुष्काळाच्या कामावरबी तुही आत्या गेली होती माह्या जागी, महिनाभर. मी टायफाइडनं पडली होती. त्या मजुरीवर तुह्या वसतिगृहाचं अंथरून-पांघरून आलं."

"अंगठा कुणी लावला?"

"तिनंच. मी का खाटेवरून जाऊ अंगठा लावाले?" मग आई थांबली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं त्या गावातल्या पानठेल्यावरच्या माणसांनी पाहिलं होतं. "काहून विचारतं? तू कोनाले धरून देलं का रे?"

मी भाताकडं बघत राहिलो. आईनं भाताचं पातेलं झाकलं आणि ती उठून गेली.

सोमवारी मी अव्वल कारकुनांना सांगितलं की माझा अहवाल चुकला होता. जबाबात मी अर्ध्या टोपल्याचं लिहिलं नाही, टोळीचं लिहिलं नाही, आणि बाईला वाचूनही दाखवलं नाही. त्यांनी पेन ठेवलं.

"काय घेतलं?"

"कशाचं?"

"कोंबडी का तांदूळ?" ते हसले. मी हसत नाही हे पाहून त्यांचं हसू गेलं. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्यातली आहे का?"

ती आमच्यातली नव्हती. पण नाही म्हटलं असतं तर तो प्रश्न बरोबर होता असं मान्य केल्यासारखं झालं असतं. मी म्हणालो, "अर्जदार आहे." पहिल्या महिन्यात मी ज्यांच्या घरचा डबा खाल्ला ते गृहस्थ त्या दिवसापासून माझे कागद दोनदा तपासू लागले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी मला जे शिकवलं तेच ते करत होते.

साहेबांनी मला आत बोलावलं. 'सक्षम' म्हणणारा अहवालही माझाच आणि 'नाही' म्हणणाराही मीच, तेव्हा खोटा कोणता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, खोटा नाही, पहिला अपुरा. त्यांनी फेरचौकशीचा शेरा मारला. मी जाऊन नवा जबाब आणायचा, हजेरीवाल्याच्या शेऱ्याचा कागद जोडायचा, मग ते पाहतील.

मी गेलो तेव्हा लोकांनी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायला जमीन तयार करायला घेतली होती. सून अंगणात बियाण्याचं धान पाखडत होती. म्हातारीनं मला लांबूनच ओळखलं आणि डावा हात पदराखाली घेतला.

मी या वेळी काही लपवलं नाही. कशाला आलो ते सांगितलं. मग ती सांगेल तसं लिहीत गेलो. हिवताप, घरचा हात, अर्धं टोपलं, सांडलेलं अर्ध्यातलं अर्धं, वेगळी आखलेली जागा, तिसरा दिवस. शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या.

"वाच," म्हातारी म्हणाली.

मी वाचलं.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. एक शेजारीण म्हणाली, "मामी, सायेब घामाघूम झाला. सोड आता."

"होऊ दे. मागच्या खेपेले वाचलं असतं तं आता घाम आला नसता." ती माझ्याकडं वळली. "काहून वाचलं नाही तवा?"

"गाडी गाठायची होती, आजी."

हे उत्तर खरं होतं, पण अर्धंच. तिला ते कळलं असावं. मी शाईची डबी उघडून पुढं केली. तिनं हात पदराखालून काढला नाही.

"तू लाव वं," ती सुनेला म्हणाली. "घरचाच हात हाय."

सून सुपासकट मागं सरकली. "नाही बाई! त्याच्यानंच तं झालं हे सगळं!" शेजारणी हसल्या. मला हसू आलं नाही. या कागदावर तिचा अंगठा नसला तर साहेब फाईल बंद करणार होते आणि ती पुन्हा उघडली नसती. मी तिला तसं सांगितलं. विनवणी केली म्हटलं तरी चालेल.

"मंग पयले तू लाव," ती म्हणाली.

"मी खाली सही करणारच आहे."

"सहीचा का भरोसा? सही तं दर खेपेले निराळी करता येते. तुह्या कागदानं मी बुडली तं माह्या संगं तुहाबी अंगठा राह्यला पाहिजे."

आमच्या घरातल्या कुणी आता पुन्हा अंगठा लावू नये, म्हणून बाबांनी मला शिकवलं होतं. मी अंगणात उकिडवा बसलो, डावा अंगठा शाईत बुडवला आणि जबाबाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात उमटवला. तिनं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"तुह्यावर काहीच नाही," ती म्हणाली. "साफ हाय." आणि शेजारी आपला लावला, आडव्या रेघेसकट.

कचेरीत अव्वल कारकुनांनी तो कागद खिडकीशी नेला. हा दुसरा अंगठा कुणाचा, असं त्यांनी विचारलं. माझा म्हटल्यावर त्यांना आधी ते खोटं वाटलं, मग त्यांनी माझा अंगठा प्रत्यक्ष पाहिला. शाई अजून पुरती गेलेली नव्हती. त्यांनी समासात लिहिलं, 'शासकीय कर्मचाऱ्याने अंगठा लावण्याचे कारण काय? खुलासा घ्यावा.' मी खुलासा दिला की जबाब अर्जदारास दोनदा वाचून दाखविला व तिच्या खात्रीसाठी अंगठा लावला. त्याखाली सही केली. पुढच्या पदोन्नतीच्या वेळी तो खुलासा माझ्या फाईलमधून कुणीतरी काढून समोर ठेवलाच. पण साहेबांनी अनुदान पुन्हा सुरू केलं. मधल्या महिन्यांचं मात्र मिळालं नाही.

तो निनावी अर्ज कुणी केला ते मला कधी कळलं नाही. कितीतरी दिवस मी त्या गावातून येणाऱ्या प्रत्येक कागदाचं अक्षर त्याच्याशी ताडून बघत होतो, आणि ते थांबवायला मला वेळ लागला.

पुढं मी त्या टेबलावर असेपर्यंत ती दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी यायची. दोन ओळींचा छापील कागद, सदर व्यक्ती आज रोजी हयात आहे. मी म्हणायचो, "आजी, यात काही नाही." ती म्हणायची, "वाच." मी शब्दाखाली बोट ठेवून दोनदा वाचायचो. तिला अक्षर येत नव्हतं, पण ती माझ्या तोंडाकडं न बघता माझ्या बोटाकडं बघत ऐकायची, ते मधला एखादा शब्द गाळून पुढं सरकत नाही ना, हे पाहत. बोट ओळीच्या शेवटाला पोचलं की मगच तिचा हात पदराखालून बाहेर यायचा.